दुसरी खेप

धनत्रयोदशीला येतो असं सांगून गेलेला देविदास लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नांदेडच्या घरी पोचला, तोवर सिंधूचं त्याच्याशी मनातल्या मनात तीन वेळा कडाक्याचं भांडण होऊन गेलं होतं. पहिली अंघोळ त्याच्यावाचून झाली. सुट्टी लागल्यापासून पोरी दिवसातून दहादा गल्लीच्या तोंडाशी जाऊन बघून येत होत्या. थोरली महानंदा पाचवीत होती, तिला बापाची नोकरी थोडीफार कळत होती. धाकटी रंजना दुसरीत. या सुट्टीत बाबा आपल्याला माहूरला नेणार, हे तिने अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

देविदास दारात आला तेव्हा सिंधू पणत्यांत तेल घालत होती. तिने मान वर केली नाही.

"पाणी ठेवू का अंघोळीला? का तेबी टँकरातच उरकून आलाव?"

देविदास हसला. तो हसला म्हणून तिला आणखीच राग आला.

"सणाचं तरी नीट बोल गं. खेपाच संपंनात, तर मी काय करू? साहेबानं सगळ्यांच्या सुट्ट्या बंद केल्यात."

ते खोटं नव्हतं. देविदास सरकारी गाडीवर ड्रायव्हर होता, बारा वर्षं नांदेडलाच. ऑगस्टात लातूरचा नवा जिल्हा झाला आणि तिथल्या नव्या कचेऱ्यांना गाड्या कमी पडू लागल्या, माणसं कमी पडू लागली. पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो आलाच नाही. दसऱ्याच्या आधीच गावोगावी टँकर सुरू करायची पाळी आली, तेव्हा देविदासला एक टँकर देऊन लातूरला पाठवलं. तेव्हापासून तो घरी दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा मुक्कामापुरता.

"उद्या सकाळच्या गाडीनं लातूरला निघायचं," तो पायावर पाणी घेत म्हणाला. "तिघीबी. तुला एक चीज दाखवायची हाय."

"अन् माहूर?"

"माहूर कुठं पळून चाललंय?"

रंजनाने तोंड वाकडं केलं. सिंधू रात्रभर त्याच्याकडे पाठ करून झोपली, पण सकाळी उठून तिने पिशव्या भरल्या. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. तिचं माहेर बोरगव्हाण मुरुडच्या पलीकडे. लातूरला गेलं की तिथून माहेर जवळ, हा हिशेब तिनेही मनात केलाच.

एसटीत उभं राहायला जागा नव्हती. लोह्याला महानंदाला बसायला मिळालं, अहमदपूरला सिंधूला. दोन्ही बाजूंची रानं बघवत नव्हती. दिवाळीला गुडघ्याला लागावी अशी ज्वारी कित्येकांनी पेरलीच नव्हती. ज्यांनी पेरली त्यांची वीतभर वर येऊन करपली होती. अहमदपूरच्या स्टँडवर रंजनाला तहान लागली, तर रांजणाच्या तोंडावर गडवा पालथा घातलेला. कंडक्टर म्हणाला, "बाई, घरून आनायचं की पानी. आता कुनी कुनाला देत न्हाई." सिंधू त्याला फाडकन बोलली, "सरकारच्या स्टँडवर घोटभर पाणी न्हाई, अन् तिकीट तेवढं पुरं घेता?" गाडीतली माणसं हसली.

लातूर मात्र लग्नघरासारखं गजबजलेलं होतं. जुन्या घरांवर नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या. बदली होऊन आलेले कारकून खोल्या शोधत हिंडत होते. आणि जिकडे बघावं तिकडे खडीचे ढीग, वाळूचे ढीग, विटांची रास. देविदासने त्यांना रिक्षात घातलं आणि बार्शी रोडला गावाबाहेर नेलं. एका मोकळ्या रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. कोपऱ्यावरच्या प्लॉटवर मांडीइतकं उंच दगडी जोतं उठलेलं होतं.

"उतर," देविदास म्हणाला. "हे आपलं."

सिंधूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती रिक्षाच्या दांडीला धरून उभी राहिली. बारा वर्षं ती एका पत्र्याच्या खोलीत राहत होती. घरमालकिणीने ठरवून दिलेल्या वेळेलाच तिथे नळावर जायचं, पाहुणे आले तर आधी मालकिणीला सांगायचं. भांडण झालं की तिच्या तोंडी एकच गोष्ट यायची, आपलं घर कधी. आता तिच्यासमोर चार खोल्या आखलेल्या होत्या. ती एकेका खोलीत जाऊन उभी राहिली. इथे चूल. इथे पोरींचा अभ्यास. इथे खिडकी हवी, उगवतीला.

"मला इचारलं न्हाई," ती म्हणाली. आवाजात राग आणायचा तिने प्रयत्न केला, पण तो आला नाही.

"इचारलं असतं तर चीज कसली?" देविदास म्हणाला. "मडिवाळप्पा म्हनून एक हाय, त्याचं प्लॉटिंग हाय सगळं. भला माणूस. जागा दिली, दगड दिला, सिमेट दिलं. सवडीनं फेडा म्हनला."

जोत्याच्या मागेच सिमेंटचा मोठा हौद होता आणि हौदाला लागून देविदासचा टँकर उभा होता. दुसऱ्या कुणी ड्रायव्हरने तो आणून लावला असावा. पाइप हौदात सोडलेला, पाणी धो धो पडत होतं. पोरी धावत जाऊन हौदाच्या काठाला लटकल्या.

"हे पाणी?" सिंधूने विचारलं.

"खेपा झाल्या की उरतं थोडं. जोत्याला दोन वेळा पाजावं लागतं, न्हाईतर सिमेट धरत न्हाई."

तिने पदर खोचला, हौदातून बादली भरली आणि स्वतःच्या हाताने जोत्यावर पाणी मारलं. एक बादली, दुसरी, तिसरी. पोरींनी लोट्यांनी मारलं. दगड पाणी पिऊन काळे झाले. तेवढ्यात मडिवाळप्पा स्कूटरवरून आला, गळ्यात सोन्याची साखळी, कपाळाला भस्माचे पट्टे. "वहिनी, तुमच्या मालकासारखा माणूस मिळायचा न्हाई," तो म्हणाला. "दिलेला टाइम कधी चुकवत न्हाई. सारं गाव पाण्यासाठी ओरडायलंय, पण आमचं काम एक दिवस थांबलं न्हाई." सिंधूला नवऱ्याचा अभिमान वाटला. पुढे कित्येक दिवस तिला त्या संध्याकाळची आठवण झाली की सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची यायची.

भाऊबीजेला सकाळीच देविदासने टँकर भरला आणि मायलेकींना केबिनमध्ये घेतलं. बोरगव्हाण त्याच्याच नेमणुकीतलं गाव होतं. मुरुड मागे पडलं, डांबरी सडक सुटली आणि फाट्यावरून धुळीचा रस्ता लागला. वाटेवरची पोरं टँकरामागे ओरडत पळत होती. गावात शिरले तेव्हा आडाभोवती घागरींची रांग लागलेली. सिंधूला बघून बाया म्हणाल्या, "रुक्मिणबाईची लेक आली गं, पाणीच घेऊन आली!" पाइप आडात सोडला आणि पाण्याचा आवाज घुमला तशी सगळी गल्ली आडावर लोटली.

सिंधूचा धाकटा भाऊ शेषेराव ग्रामपंचायतीचा मेंबर होता. तो लगबगीने पुढे आला. "या दाजी! ये अक्का!" म्हणत त्याने बॉनेटवर ठेवलेल्या कागदावर सही केली. सिंधू सातवी शिकलेली. तिने सहज बघितलं. खाली-वर दोन ओळी आणि दोन्ही ओळींपुढे शेषेरावाची सही.

"दोनदा कामून?"

"दोन खेपा असत्यात रोज," शेषेराव म्हणाला. "एक गावाला, एक वड्यापल्याडच्या वस्तीला. दुसरी दुपारून येती. दोन्ही सह्या एकदमच घेऊन ठिवतेत."

देविदास गाडी रिकामी करून निघून गेला. चार दिवसांनी न्यायला येतो म्हणाला. आईने दृष्ट काढली, बंब पेटवला, लेकीला आणि नातींना बादली बादली ऊन पाणी दिलं. दुष्काळात एवढं पाणी कशाला, असं सिंधू म्हणाली, तर रुक्मिणबाई म्हणाली, "माझ्या जावयाचा टँकर हाय. तू अंघोळ कर."

दुपारी ओवाळणी झाली, जेवणं झाली. सिंधू ओसरीवर गहू निवडत बसली. टँकरचा आवाज येईल म्हणून तिचा कान लागलेला होता. पोरींना परत बघायचा होता बापाचा टँकर. दिवस मावळला, आवाज आला नाही. "वस्तीच्या वाटेनं गेला असंल," भावजय म्हणाली. "तिकडून हिकडं ऐकू येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू पोरींना घेऊन शेताकडे निघाली, तर ओढ्यात बायांचा घोळका दिसला. ओढा कोरडा ठणठणीत होता. वाळूत कमरेइतके खड्डे खणून त्यांच्या तळाशी साचलेलं गढूळ पाणी एकेक बाई वाटीने घागरीत भरत होती. एकीची घागर भरेपर्यंत बाकीच्या बसून होत्या. एका खड्ड्यापाशी सरजाबाई होती. सिंधूने तिला लांबून ओळखलं. दोघी चौथीपर्यंत एका वर्गात होत्या, पुढे एकाच शेतात खुरपायला जायच्या. वस्ती बौद्धांची. सरजाबाईचं लग्न गावातच झालं, त्यामुळे माहेरी आलं की भेट ठरलेली.

"सरजे!"

सरजाबाईने वर बघितलं. "आलीस व्हय? टँकरात बसून आलीस म्हनं."

"कधी आलीस तू हितं पाण्याला?"

"पहाटंला. चारला आलं की आठपतोर दोन घागरी भरत्यात."

"पण काल दुपारी आली असंल की खेप. वस्तीची."

सरजाबाईने वाटी खाली ठेवली. आपली चेष्टा चालली आहे का, हे बघावं तशी ती सिंधूच्या तोंडाकडे बघत राहिली. "कुठली खेप?"

"दुसरी. दुपारची."

"सिंधू, दसऱ्यापासून एक दिवस आली न्हाई बग. एक दिवस. आमच्या पंचशीलानं अर्ज लिवला. ती नववीत हाय, तिचं अक्षर चांगलं. आमी तिघी-चौघी लातूरला गेलाव कचेरीत. साहेबानं कागद काढून दाखवला. रोजच्या दोन खेपा, दोन सह्या. तुमच्याच गावच्या मेंबरची सही हाय, मंग खोटं कोन बोलतंय, म्हनला. आमालाच दटावून परत लावलं."

सिंधूच्या डोळ्यापुढे तो हौद आला. धो धो पडणारं पाणी आलं. दिलेला टाइम कधी चुकवत नाही, असं म्हणणारा मडिवाळप्पा आला. आणि कमरेला पदर खोचून जोत्यावर पाणी मारणारी ती स्वतः. महानंदा तिच्याकडे बघत होती. तिला कळलं आहे हे सिंधूला कळलं.

ती शेताकडे गेलीच नाही. तशीच माघारी फिरली. शेषेराव ओसरीवर दाढी करत बसला होता.

"दुसरी खेप कुठं जाती?"

"काय झालं अक्का?"

"तुला इचारायलेय मी. कुठं जाती?"

शेषेरावाने वस्तरा पुसला. आतून रुक्मिणबाई बाहेर आली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्या एका बघण्यावरून सिंधूला समजलं, की हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते तिला एकटीला.

"हळू बोल," शेषेराव म्हणाला. "गल्ली ऐकती."

"ऐकू दे!"

"अगं, तुझंच घर व्हायलंय की. दाजी म्हनले, जोतं हुईपतोर सांभाळून घे. मी काय परक्यासाठी सह्या केल्या का?"

"त्या बाया पहाटं चारपासून वाळू उकरायल्यात, शेषा!"

"दोन महिन्याचा तर सवाल हाय," आई म्हणाली. तिच्या आवाजात लाज नव्हती, समजूत होती, लहानपणी ताप आल्यावर काढा पाजताना असायची तशी. "तुझं जोतं झालं की चालू हुईल त्यांची खेप. अन् त्यांना वड्याला पाणी हाय की. त्यांना सवय हाय. बारा वर्सं लेक माझी परक्याच्या पत्र्याखाली राहिली, ते कुनी बघितलं का?"

तिथेच मांडणीवर काल तिला अंघोळीला दिलेली पितळी बादली होती. ती सिंधूने उचलून अंगणात भिरकावली. बादली दगडावर आपटून मोठा आवाज झाला आणि शेजारच्या बाया दारात आल्या.

"माझ्या नावानं चोरी केलीत," ती ओरडली, "अन् त्याच पाण्यानं मला अंघोळ घातलीत! कुनी सांगितलं होतं तुमाला? मी मागितलं होतं? त्यांना सवय हाय म्हनं! सरजी अन् मी एका पाटीवर लिवलंय आई, तिला कसली सवय हाय अन् मला कसली न्हाई?"

आईने कपाळाला हात लावला. शेषेराव अर्धी दाढी तशीच ठेवून उठून गेला.

दिवसभर सिंधू जेवली नाही. देविदासचा टँकर आडावर येऊन गेला, तरी माजघरात भिंतीला टेकून बसूनच राहिली. आणि खरं सांगायचं तर तिला सगळ्यात जास्त राग स्वतःचा येत होता, कारण तिथे बसल्या बसल्याही तिच्या मनात ती उगवतीची खिडकी येत होती. गप्प बसलं तर काय होईल? दोन महिने. जोतं होईल, भिंती येतील. कुणाला कळणार नाही. सरजी पुढच्या भाऊबीजेला भेटेल तेव्हा काय, तर नजर चुकवायची. तेवढंच. अशी माणसं असतात, जगतात. संध्याकाळी ती उठली, पोरींना आईपाशी ठेवलं आणि ओढा ओलांडून वस्तीत गेली.

सरजाबाईच्या दारात ती उभ्या उभ्या सगळं बोलली. जोतं, हौद, मडिवाळप्पा. काही लपवलं नाही. चार-पाच बाया जमल्या. कुणी तिला बस म्हणालं नाही.

"आता तू आज बोलशील," सरजाबाई शेवटी म्हणाली, "अन् उद्या नांदेडला जाशील. आमाला हितंच राहायचंय. तुझ्याच भावाच्या मेंबरकीत."

पंचशीला दाराच्या आत उभी होती. काळी-सावळी, किडकिडीत, दोन वेण्यांची पोरगी. ती म्हणाली, "मावशी, हे कचेरीत लिहून द्याल का? सही करून? आमच्या अर्जाला ते कागद दाखवतात. तुमचाबी कागदच पायजे."

"लिवून दीन," सिंधू म्हणाली. "पण आधी उद्या त्यांना तोंडावर इचारायचंय मला."

सकाळी वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन फाट्यावर रस्त्यात बसल्या. सिंधू त्यांच्यात उभी राहिली, दोन्ही पोरी बाजूला. टँकर वळणावर दिसला. देविदासने हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग त्याला बायको दिसली. ब्रेक एवढ्या जोरात लागला की टाकीचं झाकण खडखडलं आणि वरून पाणी सांडलं.

तो खाली उतरला. "हे काय सोंग? पोरींना घेऊन रस्त्यावर? चल बस गाडीत."

"गाडी वस्तीत वळवा."

"सिंधू, जे बोलायचं ते घरात बोलू."

"कुठल्या घरात? पत्र्याच्या, का चोरीच्या?"

देविदासचा चेहरा काळाठिक्कर पडला. बायांसमोर, पोरींसमोर. त्याने दात-ओठ खाल्ले. "बारा वर्सं," तो म्हणाला, "बारा वर्सं तूच माझा कान खाल्लास. घर, घर, घर. मी काय दारू प्यालो त्या पाण्याची? जुगार खेळलो? कुनासाठी केलं मी?"

हे खरंच होतं, आणि ते खरं असल्यामुळे ती आणखी भडकली.

"माझ्यासाठी केलं ना? मग मला सांगून कामून न्हाई केलं? पाणी कुठलं म्हणून मी तोंडानं इचारलं तुमाला! उरलेलं हाय म्हनलाव. खरं सांगितलं असतं तर मी न्हाई म्हनले असते, हे तुमाला ठावं होतं. म्हनून सांगितलं न्हाई. अन् माझ्या हातानं बादल्या मारून घेतल्या. माझ्या लेकरांच्या हातानं!"

देविदास गाडीत चढला. इंजिन चालू करून त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. एकही बाई हलली नाही. सरजाबाईने घागर पुढ्यात घेऊन मांडी नीट घातली. रंजना मोठ्याने रडायला लागली, "बाबा, नका ना!" तेव्हा हॉर्न थांबला. बराच वेळ नुसतं इंजिन घुरघुरत राहिलं. मग गाडी मागे झाली, वळली आणि ओढ्याच्या वाटेने वस्तीकडे लागली.

वस्तीच्या विहिरीत सगळं पाणी सोडेपर्यंत देविदास स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. त्या दिवशी गावाच्या आडावर खेप आली नाही, म्हणून दुपारी शेषेरावाच्या दारात गावातल्या बायांनी जो कालवा केला तो वस्तीपर्यंत ऐकू गेला. सिंधू आत पिशव्या भरत होती. आईने तिच्यापुढे येऊन हात जोडले. "जावयाची नोकरी घालवू नको बाई. भावाची इज्जत घालवू नको. झालं तेवढं लई झालं." सिंधूने आईचे हात खाली केले. तिला रडू येत होतं, पण आईसमोर रडलं की आपण थांबू अशी भीती वाटली, म्हणून ती रडली नाही.

चौथ्या दिवशी देविदासची वाट न बघता ती पोरींना घेऊन एसटीने लातूरला गेली. बरोबर सरजाबाई आणि पंचशीला. कचेरी एका जुन्या घरात भरलेली, फायलींचे गठ्ठे जमिनीवरच पडलेले, कारकून तिसऱ्या गावाहून बदलून आलेला. त्याला आधी वाटलं, पुन्हा तोच अर्ज. तो हात झटकणार तेवढ्यात सिंधू म्हणाली, "मी बघितलंय ते लिवून द्यायला आले." तशी त्याने कागद ओढला.

"ड्रायव्हरचं नाव?"

सिंधूने लग्नाच्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. घरी 'महानंदाचे बाबा' किंवा नुसतं 'अहो'. दवाखान्यात, शाळेत विचारलं तर महानंदाच सांगायची. आताही पोरीने तोंड उघडलं.

"तू गप," सिंधू म्हणाली. आणि तिने मोठ्याने सांगितलं, "देविदास भुजंगराव लुंगारे."

"तुमचं त्यांच्याशी नातं?"

"नवरा."

कारकुनाने पेन थांबवलं. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "बाई, विचार केलाय का?"

"करूनच आले. लिवा. सह्या करणारा शेषेराव मेंबर, माझा सख्खा भाऊ. तेबी लिवा. अन् त्या जोत्यावर मी स्वतः पाणी मारलंय. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, सांजच्याला. तेबी लिवून घ्या, मागून कुनी म्हनायला नको की बाईनं आपलं तेवढं झाकलं."

तिने सही केली. पंचशीलाने ती सही नीट वाचून बघितली. बाहेर आल्यावर सरजाबाई एवढंच म्हणाली, "नांदेडची गाडी तीनला हाय. पोरींना काही खाऊ घाल." तिने गठुळ्यातून दोन भाकरी काढून महानंदाच्या हातात दिल्या आणि दोघी मायलेकी मुरुडच्या गाडीकडे गेल्या.

परतीच्या गाडीत रंजनाने विचारलं, "आई, माहूरला कधी जायचं?" सिंधूने तिला खाडकन एक चापट मारली. पोर हबकून गप झाली. अहमदपूर येईपर्यंत सिंधू तिच्या गालावरून हात फिरवत होती, आणि तिचा राग नवऱ्यावर होता, भावावर होता, आईवर होता, त्या भस्म लावलेल्या मडिवाळप्पावर होता. लेकरावर नव्हता, आणि मार लेकरानेच खाल्ला होता, याचाही होता.

शाळा उघडून पंधरा दिवस झाले, तेव्हा देविदास ट्रंक घेऊन परत आला. गाडी काढून घेतली होती. चौकशी लागली होती. नोकरी गेली नाही, पण पगारवाढ अडकली आणि स्टोअरमध्ये बसवलं. मडिवाळप्पाचं काही बिघडलं नाही. त्याने ते कोपऱ्याचं जोतं बदलून आलेल्या कुणा इंजिनियरला देऊन टाकलं. देविदास ट्रंक कोपऱ्यात ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपला. महिनाभर तो सिंधूशी बोलला नाही. ती ताट वाढायची, तो जेवायचा. पोरींच्या तोंडून निरोप चालायचे.

संक्रांतीच्या तोंडावर एकाच दिवशी दोन कार्डं आली. एक शेषेरावाच्या अक्षरात, आईच्या नावाने. संक्रांतीला येऊ नको, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं. दुसऱ्यात पंचशीलाने लिहिलं होतं: नवा ड्रायव्हर आहे. खेप येते. मध्ये दोन दिवस आली नाही, तर आई आणि बाया पुन्हा फाट्यावर बसल्या. आता साहेबांनी वस्तीच्या खेपेला वस्तीतल्या माणसाची सही लावली आहे, ती सही आईच करते, मी तिला नाव लिहायला पुन्हा शिकवलं.

सिंधूने दोन्ही कार्डं वाचून मांडणीवर ठेवली. देविदास जेवायला बसला होता. ताटाकडे बघत तो म्हणाला, "काय म्हणत्यात?"

"खेप यायलीय."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "घर गेलं," तो म्हणाला.

"गेलं."

"तुला काहीच वाटत न्हाई?"

"वाटतं," सिंधू म्हणाली. चुलीतलं लाकूड तिने एवढ्या जोरात आत सारलं की ठिणग्या उडाल्या. "रोज वाटतं. त्या चारी खोल्या डोळ्यापुढून जाईनात माझ्या. म्हनून तर अजून तुमच्यावर राग हाय. दाखवायचंच नव्हतं मला ते. अन् पुन्यांदा कधी घर बांधायचं झालं, तर आधी मला सांगायचं. दगड कुठला, वाळू कुठली, पाणी कुठलं, मी सोता इचारीन."

तिने तव्यावरची भाकरी काढली आणि त्याच्या ताटात टाकली, जरा आपटूनच.